तवर ती जित्ती हाय

डोअरकीपरची पाठ पडद्याकडं असते आणि तोंड पब्लिककडं. सोलापुरातल्या एका टॉकीजात बायकांच्या बाजूच्या दारावर माझी सगळी नोकरी झाली, पण आज कुणी एखाद्या गाजलेल्या सिनेमाची गोष्ट विचारली तर मला ती सलग सांगता येत नाही. कुठल्या प्रसंगाला बायका पदर डोळ्याला लावायच्या आणि कुठल्या प्रसंगाला शेंगा सोलायला घ्यायच्या, ते मात्र बिनचूक सांगेन.

आमच्या वेळी खालच्या, स्वस्त तिकिटाच्या वर्गात बायकांची बाजू वेगळी असायची. मध्ये कमरेइतकी लाकडी फळी. अलीकडं बायका, पलीकडं पुरुष. अंधारात बॅटरी घेऊन बायकांमध्ये फिरायचं, तर तिथं बाईच हवी. माझे यजमान याच टॉकीजात मशीन चालवायचे. ते अचानक गेले, तेव्हा टॉकीजचे मालक शेठजींनी मला या दारावर उभं केलं. काम वरवर सोपं. तिकीट फाडायचं, अर्धं परत द्यायचं, बॅटरीच्या उजेडात जागा दाखवायची. खरं काम दिवे गेल्यावर सुरू होतं. कुणाचं पोर गुदमरतंय, कुणाला चक्कर येणार आहे, फळीवरून कोण चिठ्ठी टाकतोय, हे अंधारात ओळखावं लागतं. देवाचा सिनेमा असला की बायका चपला बाहेर काढून आत यायच्या आणि पडद्यापुढं नारळ फोडायच्या. एका बाईला तर खलनायकाचा इतका संताप आला की तिनं जेवणाचा डबाच पडद्यावर भिरकावला. पिठल्याचा तो डाग पुढं बरेच दिवस येईल त्या नायिकेच्या गालावर दिसायचा.

असल्या गमती पुष्कळ. पण ज्या सिनेमानं माझ्या छातीत धडकी भरवली, तो इंग्रजी होता.

मोठ्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली असतील. ठरलेल्या हिंदी सिनेमाच्या रिळांची पेटी वेळेवर आली नाही, म्हणून आमच्या भालेराव मॅनेजरांनी मॅटिनीला मिळेल तो इंग्रजी सिनेमा लावला. कुणीतरी त्यांना सांगितलं, भुताचा आहे. झालं. पेंटरनं रात्रीतून मोठा बोर्ड रंगवला: सुळे बाहेर आलेली बाई, रक्तानं माखलेले हात, आणि खाली ‘कमजोर काळजाच्या लोकांनी येऊ नये’. सिनेमात यातलं काहीच नव्हतं.

याच एका सिनेमाची गोष्ट मला सलग सांगता येते, ती अशी. परदेशातलं एक शेतावरचं घर, नवरा-बायको आणि सहा-सात वर्षांची एकुलती मुलगी. सुरुवातीला नुसती ती मुलगी. अंगणातल्या झोपाळ्यावर झोके घेते, बदकांच्या मागं धावते, वाकडी पावलं टाकत आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी येते, परत पळते. मग ती दिसेनाशी होते. झोपाळा रिकामाच हलतो, मग धुकं येतं आणि त्यात ती विहिरीकडं जाताना दिसते. बापानं विहिरीवरची फळी काढून ठेवलेली असते. पुढचा सगळा सिनेमा त्या घरात. आई रोज जेवणाच्या टेबलावर मुलीची ताटली मांडते. बापाला वाटतं, हिचं डोकं फिरलं. एक दिवस मात्र बंद खोलीतून ताटलीवर चमचा घासल्याचा आवाज येतो. दार उघडतात तर कुणी नाही, आणि ताटली रिकामी. आवाज खरा की आईच्या मनातला, हे शेवटपर्यंत कळत नाही. भूत तर दिसतच नाही. शेवटी बापच मुकाट्यानं मुलीच्या ताटलीत वाढतो आणि शेजारी बसतो. संपला सिनेमा.

पहिल्या दिवशी पब्लिकनं डोक्यावर घेतलं. सिनेमाला नव्हे, टॉकीजला. “भूत कुठंय, भूत दाखवा!” कॉलेजची पोरं खुर्च्या आपटायला लागली. शिट्ट्या, मांजराचे आवाज. पण तो चमच्याचा आवाज आला, आणि सगळं टॉकीज एका क्षणात गप्प झालं. मी इतकी वर्षं तिथं उभी होते, पण अशी शांतता ऐकली नव्हती. हसणारी पोरं पाय वर घेऊन बसली होती. वर केबिनमध्ये आमचे ऑपरेटर उस्मानभाई. ते शो संपल्यावर खाली येऊन मला म्हणाले, “आक्का, कित्ते डरावने पिक्चर चलाया मैं, पन इसमें मेरेकू सच्ची में डर लगरा. कुछ दिखताच नहीं ना इसमें.”

आणि गावात बातमी पसरली. कुणाच्या तरी घरी म्हणे दुपारी चमचा वाजला. टॉकीजात म्हणे बाई बेशुद्ध पडली. पडली नव्हती, उकाड्यानं तिला घेरी आली होती आणि मीच तिला पाणी दिलं होतं. पण बातमीला कोण अडवणार? मॅटिनीला रांगा लागल्या. इंग्रजीचं अक्षर न येणाऱ्या बायका लेकरं घेऊन यायला लागल्या. गंमत म्हणजे सिनेमा बायकांना आधी कळला. पुरुषांच्या बाजूला “बाई येडी हाय” म्हणून हसायचे, आणि फळीच्या अलीकडं एखादी म्हातारी शेजारणीला समजावून सांगायची, “पान वाढतीया लेकीचं. आपल्यात न्हाईत का वाढत गेलेल्याला? तसंच हाय की हे.” मग त्या रांगेत मुसमुस सुरू व्हायची.

याच गर्दीत मला तो माणूस दिसायला लागला.

तिशी-पस्तिशीचा, उंच, अंगावरच्या कपड्यांना सुताचे पांढरे तंतू चिकटलेले. म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यातला. रोज मॅटिनीला यायचा, अगदी पुढं फळीला लागून बसायचा, आणि झोपाळा रिकामा हलायला लागला की उठून, फळीच्या टोकाला वळसा घालून माझ्या दारानं बाहेर जायचा, कारण त्याला तेच दार जवळ. पुढचा सिनेमा त्यानं एकदाही पाहिला नाही. असल्या गिऱ्हाइकाची आम्हाला काळजी वाटते. पाकीटमार असतो, नाहीतर कुणावर पाळत ठेवणारा असतो. एक दिवस मी त्याला दारात थांबवलं.

“काय हो, सिनेमा आवडत नाही का?”

“आवडतो की.”

“मग अर्ध्यातनं का जाता? अजून सुरूबी झाला नाही धड.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. डोळे रात्रपाळीनं तांबारलेले. “तवर ती जित्ती हाय न्हवं,” तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

मला दिवसभर काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी तो लवकर आला. दारं उघडायची होती. त्यानं आपणहूनच पायरीवर बसून सांगितलं. नाव मारुती. गाव वैरागजवळचं. दुष्काळात विहिरी तळाला गेलेल्या. पायऱ्या उतरून खाली जायचं आणि वाटीनं घागर भरायची. बायको खडी फोडायच्या कामावर गेलेली. हा तापानं घरात पडलेला. लेक शेवंता, सात वर्षांची, घागर घेऊन विहिरीवर गेली आणि घसरली. त्यानंतर त्यांचं मन गावात लागेना. दोघं सोलापूरला आली, भवानी पेठेत एक खोली घेतली. हा मागावर, बायको घरी विड्या वळते.

“बोर्ड बगून आलो पैल्यांदा,” तो म्हणाला. “मेलेली मानसं परत येत्यात म्हनं ह्यात. म्हनलं बगावं तर कशी येत्यात. तर ही पोरगी दिसली. आमच्या शेवंताचा फोटू न्हाय बगा. कुनी काडलाच न्हाय. मला आता तिचं तोंड आटवत न्हाय. पन चाल अशीच हुती, ह्या पोरीवानी. वाकडी पावलं टाकायची.”

“घरी सांगितलंत का, इथं येता म्हणून?”

“घरात बोलनं न्हाय आमचं,” तो म्हणाला. “शेवंता गेली तवापसनं ती माज्यासंगं कामापुरतंच बोलती. बराबर हाय तिचं.”

बराबर का, ते त्यानं सांगितलं नाही.

शनिवारी शो सुटायच्या सुमाराला एक किडकिडीत बाई तिकिटाच्या खिडकीशी घुटमळताना दिसली. बोटांची टोकं तंबाखूनं काळी झालेली. माझ्याकडं येऊन म्हणाली, “अक्का, तुमी हितं दारावर असता न्हवं? एक उंच मानूस येतो का रोज? पांडरा सदरा?” मी म्हटलं, येतात पुष्कळ. ती जवळ आली आणि हलक्या आवाजात बोलली, “माजा मालक हाय त्यो. दुपारचा झोप सोडून भाईर जातो. शेजारच्या म्हनत्यात, टाकीजात बाई हाय त्याची. खरं सांगा.”

मला सगळं सांगून टाकता आलं असतं. पण ते सांगणं माझं नव्हतं. शिवाय दारात उभं राहून कुणाच्या मेलेल्या लेकीबद्दल काय बोलायचं? मी म्हटलं, “उद्या या. मी तुम्हाला आत बसवते. स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बाई-बिई कुणी नाही, एवढं मी शपथेवर सांगते.”

रविवार उजाडला आणि मला वाटलं, हिला आजच बोलवायला नको होतं. आसपासच्या खेड्यांतनं बाजाराला आलेली माणसं थेट टॉकीजवर आली होती. हाऊसफुल्लचा बोर्ड लागला तरी रांग हलेना. बिनतिकिटाची पोरं दारं ढकलून आत घुसायला लागली, तेव्हा भालेराव साहेबांनी हुकूम दिला, शो सुरू झाला की दारांना आतून अडसर घाला. आमच्या धंद्यात पहिला नियम असा, की माणसं आत असताना दाराला अडसर नको. मी तसं बोललेही. “अक्का, तुम्ही दार सांभाळा, टॉकीज मी सांभाळतो,” ते म्हणाले. मी जाडजूड लाकडी अडसर दोन्ही कोयंड्यांत बसवला.

भामाबाईला – तिचं नाव भामा – मी फळीच्या कडेला जागा दिली होती. पलीकडं, चार-पाच रांगा पुढं, मारुती बसलेला. त्याला काही ठाऊक नव्हतं. मधल्या वाटेतसुद्धा माणसं खाली मांडी घालून बसली होती. दिवे गेले. पडद्यावर अंगण आलं, ती पोर धावत आली. मी भामाबाईकडं बघत होते. आधी ती नवऱ्याच्या आजूबाजूला कुणी बाई आहे का, तेच शोधत होती. मग तिची मान पडद्याकडं वळली आणि हात तोंडावर गेला.

“अगं बया,” ती पुटपुटली. “शेवंता चालल्यावानी चालती.”

झोपाळा रिकामा हलायला लागला. नेहमीप्रमाणं मारुती उठला. पण आज त्याला वाट कुठं होती? पुढं माणसं, मागं माणसं. “बस की खाली!” “ए उंट, बस!” कुणीतरी त्याचा सदरा धरून ओढला. तो पुन्हा उठला, कुणाच्या तरी पायावर पडला, शिव्या खाल्ल्या. तोवर पडद्यावर धुकं आलं होतं. विहीर दिसली. ती पोर विहिरीकडं चालली. हे त्यानं कधीच बघितलं नव्हतं.

“आडवा तिला!”

मारुतीचा आवाज सगळ्या टॉकीजात घुमला. “आरं, आडवा की कुनीतरी! खाली पानी न्हाय, दगडं हायती! आडवा पोरीला!”

आधी हशा पिकला. मग तो खुर्चीवर चढला. त्याची भली मोठी सावली पडद्यावर, त्या धुक्यात पडली. मागच्या लोकांना खालचा माणूस दिसत नव्हता. त्यांना दिसला फक्त पडद्यावरचा काळा आकार आणि ऐकू आला तो आवाज. कुणीतरी किंचाळलं, “भूत! भूत आलं!”

पुढं जे झालं, ते ज्यानं बंद टॉकीजात पाहिलंय त्यालाच कळेल. शेकडो माणसं एकाच वेळी उभी राहिली. खुर्च्या मोडल्याचा आवाज. पोरांच्या किंकाळ्या. कुणी “आग” म्हणालं. सगळ्या बायका लेकरं कवटाळून माझ्या दाराकडं आल्या. मी अडसराला हात घातला, पण अंगावर माणसांचा लोट आलेला. दार बाहेर ढकललं जात होतं, त्यामुळं अडसर कोयंड्यांत घट्ट रुतलेला, वर उचलता येईना. एक पोर माझ्या गुडघ्यांशी चेपलं जात होतं. मी त्याला पायांमध्ये घेतलं, एका हातानं अडसर धरला आणि दुसऱ्या हातानं बॅटरी डोक्यावर धरून केबिनच्या भोकावर सारखी उघडझाप केली. दिवे लावा, हीच खूण. डोअरकीपरनं ओरडायचं नसतं. आपण ओरडलो की माणसं आणखी बिथरतात.

उस्मानभाईंनी खूण पाहिली. त्यांनी आधी मशीन बंद केलं आणि मग दिव्यांच्या बटणाकडं धावले. त्या मधल्या वेळात पडदाही गेला. काळामिट्ट अंधार. मला वाटलं, आता संपलं.

आणि त्या अंधारात भामाबाईचा आवाज आला. ती खुर्चीवर चढून उभी होती, हे मला नंतर कळलं.

“अवो! शेवंताचं बा!” तिनं हाक मारली. “अवो शेवंताचं बा, मी हाय हितं! भामा हाय! भिऊ नगा!”

ती काही मोठ्यानं किंचाळली नव्हती. शेतातनं बांधावरच्या माणसाला हाक मारावी तशी मारली. पण ती ओळखीची, घरची हाक होती, आणि माझ्या अंगावरचा लोट जरासा थबकला. कुणीतरी म्हणालं, “आरं, मानूस हाय त्यो.” तेवढ्यात दिवे लागले. दाब सैल झाला तशी मी अडसर उपसला आणि दार सताड उघडलं. दुपारचं ऊन आत आलं.

देवाची कृपा, कुणी दगावलं नाही. खरचटलं, चेपलं, एका म्हातारीचं मनगट मुरगळलं. बरीच माणसं बाहेर पळाली. उरलेली होती तिथंच उभी राहिली. मारुती दोन रांगांच्या मध्ये जमिनीवर बसला होता, डोकं गुडघ्यांत घालून. भालेराव साहेब धावत आले. “कोण आहे हा? दारू पिऊन आलाय! पोलिसात द्या ह्याला!” मघाशी त्याचा सदरा ओढणारा गडीच मध्ये आला. “ऱ्हाऊ द्या सायेब,” तो म्हणाला. “त्येची पोरगी गेलीया वाटतं.”

भामाबाई फळी ओलांडून पलीकडं गेली. लुगडं सावरत बाई फळी ओलांडतेय, असं मी पहिल्यांदाच बघत होते. तिनं नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानं वर पाहिलं आणि जणू इतके दिवस तोंडात धरून ठेवलेलं बाहेर टाकलं.

“मी पाटिवली तिला. झोपंतच म्हनलं, जा बाळ, आन पानी. मी पाटिवली.”

भामाबाई त्याच्यापुढं खाली बसली. “तुमी न्हाय. मी सांगून गेल्ते तिला सकाळी. बा तापानं पडलाय, त्येला उटवू नगंस, घागर तेवडी भरून आन. मी सांगितलं हुतं.”

“तू?”

“मीच की.”

“मग बोलली का न्हाईस माज्यासंगं? इतकी सालं?”

“कोन्या तोंडानं बोलू?” ती म्हणाली. “मला वाटायचं, तुमास्नी ठावं हाय. म्हनून तुमी माज्याकडं बगत न्हाई.”

भालेराव साहेबांनी टोपी काढून हातात घेतली होती. मी त्यांना म्हटलं, “साहेब, ही दोघं माझ्या बाजूला बसतील. एकत्र.” बायकांच्या बाजूला पुरुष बसवायचा नाही, हा नियम होता. त्यांनी मान हलवली. आणि दारांना अडसर लागणार नाही, हेही मी तिथंच सगळ्यांसमोर सांगून टाकलं. त्यानंतर ते पुन्हा कधी अडसर घाला म्हणाले नाहीत.

घाबरून पळालेलं निम्मं पब्लिक पाणी पिऊन परत आत आलं. पैसे दिले होते ना. उस्मानभाईंनी सिनेमा पुढं सुरू केला. मारुती आणि भामाबाई पहिल्या रांगेत, माझ्या दाराशेजारी बसली. चमच्याचा आवाज आला तेव्हा भामाबाईनं नवऱ्याचा दंड धरला. मी आलेल्या-गेलेल्यांना बघायचं विसरून त्या दोघांकडंच बघत राहिले. पडद्यावरचा बाप ताटलीत वाढायला लागला, तेव्हा मारुतीचे ओठ हलत होते. काय म्हणत होता, ते ऐकू आलं नाही. मागून दोन-चार शिट्ट्या वाजल्याच. पब्लिक ते पब्लिकच.

बाहेर पुढच्या खेळाची रांग लागली होती. “बाई, भूत दिसलं का?” एका पोरानं विचारलं. भामाबाई जाता जाता म्हणाली, “भूत न्हाय त्यात. पोरगी हाय एक. लई गुनाची.”

दुसरा आठवडा संपला आणि पेटी पुढच्या गावाला गेली. तो सिनेमा सोलापुरात पुन्हा लागल्याचं मला आठवत नाही. नंतर मी असल्या सिनेमांच्या वेळी पहिल्या रांगेपासून शेवटच्यापर्यंत चेहरे न्याहाळायला लागले. कोण काय घेऊन आत आलंय, ते तिकिटावर लिहिलेलं नसतं. त्या दोघांच्या आधीही अशी माणसं माझ्या दारानं गेली असतील, आणि मी त्यांची फक्त तिकिटं फाडली असतील, याची हळहळ राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात भामाबाई मला चहाला बोलवायला आली. भवानी पेठेतली त्यांची खोली लहान, पण सारवून लख्ख. मारुती रात्रपाळी करून आलेला, तरी जागा होता. मी सहज विचारलं, “शेवंता दिसायला कुणासारखी होती?”

“माज्यावानी,” मारुती म्हणाला. “उजव्या गालाला खळी पडायची.”

“उजव्या कुटली? डाव्या,” भामाबाई चुलीपासनं म्हणाली.

“उजव्या गं. मी खांद्यावर घिऊन हिंडायचो तिला, मला म्हाईत न्हाई व्हय?”

“खांद्यावर बसल्यावर तोंड दिसतंय व्हय? मी न्हाऊ घालायचे रोज. डाव्याच.”

“आनि हसली की डोळं मिटायची.”

“डोळं न्हवं, एकच डोळा मिटायची. म्हनून तर तुमची आई तिला लबाड म्हनायची.”

चहा उतू गेला, तरी दोघांचं चाललेलंच होतं. मी मध्ये पडले नाही.